पोराला स्काऊटला घालावं का? एका पालकाचा रिव्ह्यू

पोरगा आठवीत आहे, शाळेच्या स्काऊट पथकात जातो आणि गल्लीतले बरेच जण विचारतात की घालू का आमच्याला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नुसत्या परेड आणि गाठींसाठी घालणार असाल तर राहू दे, रीफ नॉट यूट्यूबवर पण येते. खरा फायदा वस्तीतल्या कामाचा, तोही सर मनावर घेणारे असतील तरच. आमच्या सरांनी मागच्या पावसाळ्यात डेंग्यूचं काम घेतलं. बॅनर नाही की भाषण नाही, सात-आठ पोरांचा एक संघ, त्यातलाच एक संघनायक, प्रत्येक संघाला एक गल्ली आणि दर रविवारी त्याच गल्लीत जायचं. दर आठवड्यालाच का, तर अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याच्या आत पिंप रिकामं झालं पाहिजे. आणि घासलंच पाहिजे, कारण अंडी आतून कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून काही होत नाही.

नगरपालिकेचा माणूस आला की लोक दारातूनच "आमच्याकडे काही नाही" म्हणून वाटेला लावतात. पोरं आली की तेच लोक आत घेतात, पाणी विचारतात, मग पोरगं पिंपात टॉर्च मारून "काकू हे बघा काय वळवळतंय" म्हणतं आणि शेजारीण बघत असते, झालं, पिंप लगेच मोरीत उपडं.

पण मागच्या गल्लीत नळाला पाणी चार दिवसाआड येतं, तिथे पिंप ओता म्हणणाऱ्याला शिव्याच बसणार ना. मग पोरांनी पिंपाच्या तोंडावर जुन्या साडीचं फडकं ताणून बांधून दिलं, पुढच्या रविवारी सुटलेली परत बांधली. पाण्याचं वेळापत्रक काही स्काऊट बदलू शकत नाही, ते नगरसेवकाचं काम, पण निदान लोकांना कोरडा उपदेश तरी केला नाही.

1918 साली मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काऊट सुरू केले तेव्हा सेवा थेट नावातच होती, आता बऱ्याच ठिकाणी ती फोटोपुरती उरलीये. नात्यातल्या एका पोरीच्या शाळेत स्वच्छता रॅली निघाली, घोषणा झाल्या, फोटो झाला, नाश्ता झाला आणि कागदी प्लेटा तिथेच मैदानात. असल्या पथकाला माझ्याकडून एक स्टार, तोही गणवेशाला कडक इस्त्री होती म्हणून.

आमच्या पथकाला चार. एक कापला कारण सगळं एका सरांवर चालतं, ते निवडणूक ड्युटीला गेले की रविवार बुडाले, दुसरं कोणी पुढे येत नाही.

रेल्वे भरतीत स्काऊट कोटा असतो म्हणून घालणाऱ्यांनो, असतो खरा, पण जागा मोजक्याच निघतात आणि त्यासाठी धरल्या जाणाऱ्या स्काऊटच्या राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचायला वर्षं जातात. ॲडमिशनआधी सरांना एवढंच विचारा, मागच्या महिन्यात पोरं कुठे गेली होती आणि परत कधी जाणार.