दंत महाविद्यालयाचा बालदंतविभाग : पहिली-दुसरीच्या पालकांनी आवर्जून जावे

आमच्या शहरातील एका दंत महाविद्यालयाच्या बालदंतविभागात दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या दाढांना सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेवर दिला जाणारा संरक्षक थर, लावून घेतले. उपचार स्वस्त आहेत हे खरेच, पण दात ठणकू लागण्यापूर्वीच मुलांकडे इतक्या आस्थेने पाहिले जाते, यासाठी या विभागाबद्दल लिहावेसे वाटते.

आमची तक्रार समोरच्या हलणाऱ्या दातांपुरती होती. तपासणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने मात्र दुधाच्या दाढांच्या मागे नव्याने आलेल्या दाढा दाखवल्या. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही दाढ कोणताही दुधाचा दात न पडता उगवते. त्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडून नवी येईल या भरवशावर राहतात. ती कायमची असते. तिच्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचे केस तळापर्यंत पोहोचत नाहीत, बिस्किटाचा चिकट लगदा तेथे अडकून राहतो, आणि त्यातील साखरेपासून जीवाणू जे आम्ल तयार करतात त्याने कीड बहुधा तेथूनच सुरू होते. सीलंट या खाचाच बुजवते.

या कामात सुई नाही आणि दात कोरणेही नाही. दाढ स्वच्छ करून तिच्यावर काही सेकंद आम्लयुक्त जेल ठेवतात, ती धुऊन पूर्ण कोरडी करतात, मग पातळ द्रव खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. मध्ये लाळ लागली तर थर टिकत नाही, म्हणून मूल तोंड उघडे ठेवून निवांत बसले पाहिजे. येथेच या विभागाचे कौशल्य दिसते. लाळ ओढणारी नळी आधी मुलीच्या तळहाताला लावून दाखवली, हवेचा झोत नखावर सोडला, आणि प्रत्येक गोष्ट तिला समजेल अशा मराठीत सांगितल्यावरच ती तोंडात वापरली. ‘रडलीस तर इंजेक्शन देईन’ अशी धमकी तेथे कोणाच्याही तोंडून ऐकू आली नाही.

दुधाच्या एका दाढेतील लहानशी कीडही त्यांनी काढून सिमेंट भरले. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत लागतात आणि त्या लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकून कायमच्या दातांची जागा अडवतात, हे त्यांनी साच्यावर दाखवून दिले. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे दात पालकांनी स्वतः घासून द्यावेत, ही सूचना मला सर्वांत उपयोगी वाटली.

उणिवाही आहेत. प्रत्येक टप्पा वरिष्ठ अध्यापकांनी पाहिल्यावरच पुढचे काम होते. दर्जासाठी ते योग्य असले तरी लहान मूल कंटाळते. आहाराविषयीचे फलक केवळ इंग्रजीत आहेत, आणि ज्या आजी-आजोबांसोबत अनेक मुले येतात त्यांच्यासाठी ते निरुपयोगी ठरतात. सर्वांत मोठी उणीव पाठपुराव्याची आहे. सीलंटचा तुकडा निघू शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. पण तिची आठवण विभागाकडून दिली जात नाही. केसपेपर जपून ठेवावा, पुढची तारीख स्वतःच लिहून घ्यावी आणि मुलाला पोटभर नाश्ता देऊन सकाळी लवकर रांगेत उभे राहावे.