६० यार्डांवरचा (एक यार्ड म्हणजे तीन फूट) बाण, ५०० यार्डांवरची गोळी: पहिल्या शिकारीला काय निवडाल?

महाराष्ट्रात हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहणाऱ्या, हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या प्रशिक्षणाचा) कोर्स पूर्ण केलेल्या मराठी माणसापुढे तो येतो. सप्टेंबरात धनुष्य घेऊन जायचं, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात रायफल? आणि जे घेऊ त्याने किती लांबून मारणं योग्य? मुळात मारायचंच कशाला, हा घरच्यांचा सवाल रास्त आहे. पण ज्याचं ते ठरून झालंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

दुकानात गेलात तर दोन्ही काउंटरवर अंतरच विकलं जातं. कंपाउंड धनुष्यावरचे (टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्यावरचे) नेमाचे काटे ८० यार्डांपर्यंत लावता येतात. रायफलीच्या दुर्बिणीवरची चकती फिरवली की ६०० यार्डांचा हिशेब बसतो. सरावाच्या रेंजवरच्या लोखंडी पाटीवर हे सगळं खरंही ठरतं. पाटी जागची हलत नाही, एवढाच फरक.

यार्ड सोडा, सेकंद मोजा

आजचं चांगलं कंपाउंड धनुष्य शिकारीचा बाण सेकंदाला साधारण २८० फूट वेगाने सोडतं. २० यार्डांवर तो पाव सेकंदाच्या आत पोचतो, ४० यार्डांवर ०.४३ सेकंदात, ६० वर ०.६४. आता ६.५ क्रीडमूर घ्या. २००७ साली आलेलं आणि लांब पल्ल्यासाठी भलतंच लोकप्रिय झालेलं हे काडतूस. त्याची १४३ ग्रेनची (सुमारे सव्वानऊ ग्रॅमची) गोळी सेकंदाला २७०० फुटांनी निघते आणि ५०० यार्ड कापायला तिला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ६० यार्डांवर बाण सोडणारा आणि ५०० यार्डांवर बार टाकणारा, दोघंही एकाच गोष्टीवर पैज लावतात: अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जनावर जागचं हलणार नाही. शांतपणे चाललेलं एल्क (सांबराच्या जातकुळीतलं, पण अंगाने थोराड) ताशी ३ मैलांनी गेलं तरी तेवढ्यात जवळजवळ ३ फूट पुढे सरकतं. उभ्या जनावरानेही नेमकं तेव्हाच पाऊल टाकलं, की फुफ्फुसावर धरलेला नेम कोठ्यात बसतो.

इथून पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. गोळी आवाजाच्या पुढे धावते. जनावराला बार ऐकू येण्याआधी ती पोचलेली असते. बाणाचं उलटं. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो, त्यामुळे ४० यार्डांवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार एक दशांश सेकंदात ऐकू जातो. बाण अजून वाटेतच असतो, त्याला पोचायला आणखी तिसरा हिस्सा सेकंद हवा असतो. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पाय दुमडून अंग खाली घेतं, आणि छातीसाठी सोडलेला बाण पाठीच्या मांसातून आरपार जातो. व्हाइटटेल जातीचं हरीण यात सगळ्यात चपळ. एल्क तितकं दचकत नाही, म्हणून एल्कवाल्यांच्या तोंडी ५०-६० यार्डांच्या गप्पा जास्त. यावर उपाय म्हणून दुकानदार सेकंदाला ३०० फूट वेगाचं महागडं धनुष्य दाखवेल. त्याने ६० यार्डांवर वाचतात सेकंदाचे चार शतांश.

अंतराचा अंदाजही बाणाला लवकर नडतो. जनावर ४० वर समजलात आणि ते ४५ वर निघालं, तर बाण सुमारे ५ इंच खाली बसतो. ६० च्या जागी ६५ असेल तर ७ इंच. रेंजफाइंडर (अंतर मोजणारी लेझर दुर्बीण) हे निस्तरतो खरा, पण तो डोळ्याला लावून, खाली ठेवून, दोरी ओढेपर्यंत जनावर तिथेच असलं पाहिजे.

रायफलीचा हिशेब वाऱ्यावर अडतो

१०० यार्डांवर शून्य केलेली (म्हणजे नेम तिथे तंतोतंत जुळवलेली) तीच क्रीडमूर ५०० वर सुमारे ४ फूट खाली येते. ऐकायला भयंकर, पण हा आकडा ठरलेला असतो. लेझर अंतर सांगतं, मोबाइलमधलं अ‍ॅप उंची आणि तापमान धरून चकती किती टिचक्या फिरवायची ते सांगतं. या बाबतीत लांब पल्लेवाल्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे: गोळी किती पडणार हा आता प्रश्न राहिलेला नाही.

वाऱ्याचं तसं नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा त्या गोळीला ५०० यार्डांवर एक फुटाच्या आसपास ढकलतो. वाऱ्याचा अंदाज निम्म्यानेच चुकला असं धरा: ६ इंच. म्यूल जातीच्या हरणाच्या छातीतली मर्माची जागा ८ ते १० इंचांची, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ४-५ इंच. श्वास धरला, चाप अलगद ओढला, चकती बरोबर फिरवली, आणि तरीही जनावर जखमी होऊन पळालं. २०० यार्डांवर हीच चूक फार तर एक इंचाची असते, कुणाच्या लक्षातही येत नाही. बरं, डोंगरात वारा एकच कुठे असतो? तुमच्या गालाला लागतो तो एक, मधल्या घळीतून वर चढतो तो दुसरा, आणि पलीकडच्या उतारावर गवत तिसरीकडेच झुकलेलं. खिशातला वारामापक फक्त तुमच्या हाताशी असलेला वारा मोजतो.

शिवाय गोळी पोचून भागत नाही, ती आत गेल्यावर फुललीही पाहिजे. शिकारीच्या बहुतेक गोळ्यांना त्यासाठी सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो. त्याखाली त्या बारीक भोक पाडून निघून जातात. एल्कसाठी जुने शिकारी १५०० फूट-पौंड ऊर्जा किमान धरतात. क्रीडमूर ४०० यार्डांच्या आसपास त्याखाली घसरते. हा काही निसर्गनियम नव्हे, पण अनुभवातून आलेला अडाखा आहे आणि मी तो धाब्यावर बसवणार नाही.

बार झाल्यानंतर

‘धनुष्य जवळून, म्हणून जास्त नैतिक’ हे अर्धसत्य आहे. बाणाचं पातं रक्तस्रावाने मारतं. अचूक बसलेल्या बाणानंतरही जनावर धावत सुटतं आणि शंभर-दीडशे यार्डांवर पडतं. मग खरं काम सुरू होतं. बाण सापडला तर तो आधी नीट बघायचा. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुस; अर्ध्या तासाने निघा. गडद तांबडं असेल तर यकृत, चार तास तरी थांबा. हिरवट ओल आणि शेणासारखा वास आला तर बाण कोठ्यात गेलाय. तेव्हा आठ-बारा तास जागचं हलू नये, कारण मागे लागलात तर जखमी जनावर मैलभर जाऊन मरतं आणि तुम्हाला मिळतही नाही. सांजवेळी सोडलेला बाण म्हणजे रात्रभराचा घोर.

रायफलीला दुसरा बार टाकता येतो, आणि हा फायदा फार मोठा आहे. फरा मोडून पुढे जाण्याची ताकद असते, त्यामुळे जनावर किंचित तिरकं असलं तरी चालतं. बाणाला ते आडवं किंवा पाठमोरं-तिरकं उभंच लागतं. पण ५०० यार्डांवर हे फायदे पातळ होतात. दरी उतरून पलीकडे चढायला अर्धा तास जातो, आणि तिथे पोचल्यावर सगळी झुडपं सारखीच दिसतात. गोळी लागली तेव्हा जनावर नेमकं कुठे उभं होतं? पहिला रक्ताचा थेंबच सापडला नाही तर ‘चुकलं वाटतं’ म्हणून माणूस परत फिरतो. माझ्या मते लांब पल्ल्यातलं खरं पाप हे आहे. जखमी जनावराचा माग काढायचा वाजवी प्रयत्न केलाच पाहिजे असं कोलोरॅडोचा कायदा सांगतो. तो प्रयत्न करता येईल एवढ्याच अंतरावरून मारावं.

कायदा हत्याराची किमान ताकद ठरवतो: धनुष्याला ३५ पौंडांचा ताण, रायफलीला १०० यार्डांवर १००० फूट-पौंड. कमाल अंतर कुठेच लिहिलेलं नाही. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब लांब पल्ल्याच्या शिकारीला विरोध करतो, पण तोही यार्डांचा आकडा देत नाही. जनावराला तुमचा सुगावा लागण्याची शक्यताच उरली नाही, तर ती शिकार नव्हे, असा त्यांचा रोख. मला तो पटतो. समोरची बाजू म्हणते की वर्षभर सराव केलेला माणूस ६०० यार्डांवर जितकं स्वच्छ मारेल, तितकं बेफिकीर माणूस १५० वर मारणार नाही. खरंय. फक्त हे वाक्य बोलणाऱ्यांतले बहुतेक जण त्या पहिल्या माणसात स्वतःला मोजतात.

मग निवडायचं काय?

स्वतःचं अंतर काढायची एक जुनी रीत आहे. ९ इंची कागदी ताटली लावा. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून नव्हे, तर उतारावर बसून, पाठीवरची पिशवी पुढ्यात घेऊन, थोडं धावून आल्यावर मारा. दिवसातला पहिलाच बाण किंवा पहिलीच गोळी मोजायची, पुढच्या नाहीत. आठवडाभर रोजचा पहिला नेम ताटलीत बसतो ते अंतर तुमचं. डोंगरात नऊ-दहा हजार फुटांवर धाप लागलेली असते आणि समोर शिंगं दिसली की हात थरथरतात, तेव्हा त्यातलंही थोडं कापा.

पहिल्याच वर्षी जाणाऱ्याला मी रायफलच सांगेन, पिशवीवर टेकवून, २५० यार्डांच्या आत, अगदी वारा पडला असेल तर ३००. धनुष्य त्याने घ्यावं ज्याला मे महिन्यापासून रोज संध्याकाळी सराव करायला जमणार आहे आणि समोर आलेली बहुतेक जनावरं सोडून देताना ज्याचा जीव तुटणार नाही. तो पहिल्या वर्षी ३० यार्ड धरेल, पुढेही ४० च्या पलीकडे जाणार नाही. सप्टेंबरात माजावर आलेला एल्कचा नर साद घालत तीस यार्डांवर येतो, वारा फिरतो आणि तो निघून जातो. बाणाच्या शिकारीत हे असंच चालायचं.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर आणखी एक गोष्ट निवडीआधी पाहा. अशा व्हिसाधारकाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला अपवाद. म्हणून परवाना आधी, रायफल नंतर, आणि मध्ये वकिलाचा एक फोन. धनुष्य या कायद्यात येत नाही, परवाना मात्र त्याच्या शिकारीलाही लागतोच.