गाडी उंच झाली, एवढंच झालं

फिटरने मला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, स्वतः स्टुलावर चढला आणि स्नॉर्कलच्या (पाण्यातून जाताना इंजिनला उंचावरून हवा मिळावी म्हणून लावतात तो पाइप) तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट दाबून धरला. "आता गुदमरून बंद पडली पाहिजे," म्हणाला. मी काच खाली करून ऐकत होतो. दहा सेकंद झाले, वीस झाले. इंजिन आपलं निवांत चालू. तो उतरला, बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टरचा डबा दाखवला. डबा अजून कंपनीच्या जुन्याच तोंडाने, मडगार्डच्या आतून हवा ओढत होता. बाहेरचा तो रुबाबदार काळा पाइप चार स्क्रूंवर आणि चिकटवणीवर पत्र्याला टेकवलेला. मागच्या पत्र्याला भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं.

याच पाइपाच्या भरवशावर महिन्यापूर्वी मी बंपर बुडेल एवढ्या पाण्यात गाडी घातली होती. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी वीतभर कमी होतं म्हणून माझं इंजिन वाचलं, बाकी काही कारण नाही.

माझी गाडी पिकअप, आणि तिला पिकअप नाही ही माझी जुनी कुरकुर. (हा विनोद घरच्यांनी इतक्यांदा केलाय की आता मीच आधी करून टाकतो.) पण खरं सांगायचं तर मला ती उंच हवी होती. मोठे टायर, रुंद मडगार्ड, शेजारून जाणाऱ्याने मान वळवावी असं काहीतरी. ज्याच्याकडे काम दिलं त्या गॅरेजवाल्याने (वरचा फिटर वेगळा, तो नंतरचा) हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं असणार. बोलायला गोड, "भाऊ, गाडी नाही, तुमची ओळख बनवून देतो" वगैरे. ठरलं ते असं: पुढे नवे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब), नव्या स्प्रिंगा आणि वरचे कंट्रोल आर्म (चाक गाडीशी जोडणारे दांडे), मागे नवे पाटे आणि गॅसचे शॉक, मोठे टायर, स्नॉर्कल आणि इंजिनचं रिमॅप, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं. सगळं तोंडी. अर्धे पैसे आगाऊ.

चार दिवसांनी फोन आला की बुश गेलेत, बेअरिंग वाजतंय, एकदा येऊन बघा. गेलो तर गाडी ठोकळ्यांवर उभी, चाकं भिंतीला टेकवलेली. अशा गाडीचा मालक काय घासाघीस करणार? ती तिथून हलणारच नव्हती. उरलेले पैसे तिथेच दिले, वर बुश-बेअरिंगचेही दिले. बिल मागितलं तेव्हा एका ओळीचं मिळालं: "सस्पेन्शन व बॉडी काम, एकूण". एकाही पार्टचा नंबर नाही.

गाडी ताब्यात देताना त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून दाखवली. आधीच्या मापापेक्षा बरोबर 50 मिलिमीटर जास्त. आता कळतं की ही टेपच सगळ्यात मोठी थाप होती. स्ट्रटच्या डोक्यावर साधारण 25 मिलिमीटरची चकती घातली की चाकाशी जवळपास दुप्पट उंची मिळते, कारण स्ट्रटचं खालचं टोक चाकाशी नसून खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकलेलं असतं. म्हणजे माप खरं, उंची खरी, आणि नव्या स्ट्रटचे पैसे हवेत. माझ्या गाडीत दोन चकत्या निघाल्या. स्प्रिंगा जुन्या, वरचे आर्म जुने. शॉक तेवढे लालभडक होते. फिटरने पान्याच्या टोकाने रंग खरवडला, तर खाली कंपनीचा मूळचा काळा रंग आणि गाडीबरोबर आलेलाच नंबर.

चकती हीच फसवणूक, असं माझं म्हणणं नाही. थोड्या उंचीसाठी लोक ती समजून-उमजून घालतात. पण उंची वाढली की चाकांची ठेवण बदलते, आणि जुन्या वरच्या आर्मला ती परत जागेवर आणायला वाव उरत नाही. माझ्या नव्या टायरांच्या आतल्या कडा काही महिन्यांतच गुळगुळीत झाल्या. पुढच्या ॲक्सलचा जॉइंट जास्त कोनात फिरू लागला आणि त्याचा रबरी बूट फाटला. ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं होतं, मी ते रस्त्यावरचं डांबर समजत होतो.

मागचं बघून फिटर गप्पच झाला. नव्या पाट्यांऐवजी ठोकळे, आणि तेही एकावर एक. असे दोन ठोकळे रचले की जोराच्या ब्रेकला ॲक्सल पिळवटतो आणि ठोकळा निसटू शकतो. ॲक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्टही जुनेच वापरलेले. कसताना ते ताणले जातात, म्हणून एकदा सोडले की नवे घालायचे आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा कसायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. या गाडीतून मी आईला घेऊन घाट उतरलो होतो.

एक प्रश्न विचारला असता तर हे सगळं पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. जुने पार्ट कुठे आहेत? तसा विचारला होता मी, गाडी घेताना, सहज. "भंगारात टाकले भाऊ, काय करणार त्यांचं?" तो म्हणाला आणि मी मान डोलावली. जुने स्ट्रट तो देणार कुठून? ते तर गाडीतच होते. काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा की काढलेला प्रत्येक पार्ट पोत्यात भरून मला पाहिजे, मग तो गंजलेला का असेना. आणि नव्या मालाचे खोके तुमच्यासमोर फुटू द्या. टायरांच्या कडेवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. माझे टायर तेवढे खरोखर नवे निघाले. दिसणारा माल होता ना.

टायरांवरून आठवलं. आधी 265/65 आर 17 होते, त्याने 285/70 आर 17 घातले. व्यास 776 वरून 831 मिलिमीटरवर गेला, म्हणजे 7 टक्के वाढ. काट्यावर 100 दिसतात तेव्हा गाडी 107 च्या आसपास असते. किलोमीटरही तितकेच कमी मोजले जातात, त्यामुळे ॲव्हरेज होतं त्याहून वाईट दिसतं. मी ॲव्हरेजची तक्रार केली तर म्हणाला, "ताकद वाढली की तेल लागणारच." म्हणजे गाडी जास्त पिते हाच रिमॅप झाल्याचा पुरावा! आणि मला ते पटलं.

रिमॅप म्हणजे काय निघालं? डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये खोचलेली एक डबी. उघडली तर आत काही रेझिस्टर आणि लुकलुकणारे दिवे, इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलेल असं काहीच नाही. "200 किलोमीटर चालवा, ती तुमची सवय शिकते," असं त्याने सांगितलं होतं, आणि 200 किलोमीटरनंतर मला खरंच गाडी हलकी वाटायला लागली होती. पैसे मोजलेल्या माणसाला काहीही वाटतं. सोबत डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, रंगीत आलेखही दिला होता. तो मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो, लोकांना दाखवला. पुढे एका इंजिनिअर मित्राने तो हातात घेतला आणि मोबाइलवर एकच गुणाकार-भागाकार केला. न्यूटन-मीटरमधला टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम भागिले 9549, की किलोवॅटमधली ताकद येते. ही जुळणी कुठल्याही गाडीला चुकत नाही. आलेखावर 3400 आरपीएमला टॉर्क 420 होता, म्हणजे ताकद 150 च्या जवळपास हवी. तिथे 118 छापले होते. दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या रेषा एका कागदावर आणल्या होत्या, नाहीतर सरळ हाताने ओढल्या होत्या.

बॉडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे फसवणुकीपेक्षा आळस जास्त होता. रुंद मडगार्ड बसवायला कापलेल्या पत्र्याच्या कडांना प्रायमर नाही, म्हणून आत गंज धरला. टपावरच्या लाइटबारला ना रिले ना फ्यूज, वायर थेट हेडलाइटच्या वायरीला पिळून वर टेप. ती टेप वितळलेली सापडली.

जाब विचारायला गेलो तेव्हा तो चिडला नाही. चहा मागवला. स्नॉर्कल "नुसता शोसाठी" असं ठरलं होतं म्हणाला. डबी चालत नसेल तर बदलून देतो म्हणाला. ठोकळ्यांबद्दल म्हणाला, "भाऊ, उंची तर मिळाली ना?" आणि एका ओळीच्या त्या बिलात खोटं ठरेल असा एकही शब्द नव्हता.

मग मी निदान तो व्हिडिओ काढायला सांगितला. गाडी मिळाली त्या संध्याकाळी त्याच्याच फोनवर मी हौसेने बोललो होतो: बघा काय दिसतेय, केवढी उंच झालीय, रस्त्याने लोक वळून बघतात. तो त्याने जाहिरातीला लावला आहे, आणि तो बघून माझ्या ओळखीचा एकजण तिथे गाडी टाकून आलाय.

"काढतो की," तो म्हणाला. "पण त्यात तुम्ही खोटं काय बोललात?"