आनंदवल्ली ते गंगापूर गाव, व्हीलचेअरवरून: नऊ महिन्यांचा अनुभव

मी नाशिकच्या आनंदवल्लीत राहते आणि माझं माहेर गंगापूर गावात आहे. मध्ये फक्त गंगापूर रोड आणि वाटेत गोदावरीकाठचं सोमेश्वर मंदिर. चालत्या माणसाला हा सकाळचा फेरफटका. मी साडेतीन वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे. मणक्याला मार लागला, कमरेखाली जोर नाही, हात मात्र ठणठणीत आहेत. गेल्या दिवाळीपर्यंत आईकडे जायचं म्हणजे आधी भावाला फोन, त्याला वेळ नसेल तर रिक्षा, आणि रिक्षावाल्याला खुर्ची कशी घडी करायची, कशी बांधायची हे दर वेळी नव्याने सांगायचं. भाऊबीजेला तसंच गेले आणि परत येताना ठरवलं की पुढच्या वेळी आपली आपण जायचं. तेव्हापासून आता आषाढापर्यंत, आठवड्यातून दोनदा तरी, ही वाट मी स्वतःच्या हातांनी काढते आहे. पहिल्या दिवशी दोन तास दहा मिनिटं लागली. आता सव्वा तासात पोचते.

माझी खुर्ची साधी, हाताने ढकलायची. मागची चाकं 24 इंची, पुढची 8 इंची, आणि हाताने चाकं फिरवायच्या दोन्ही बाजूंच्या कड्या धरून रुंदी 64 सेंटिमीटर. हे आकडे आधीच देते, कारण या वाटेवर कुठे जाता येतं आणि कुठे नाही हे सगळं त्यांवर ठरतं. बॅटरीची खुर्ची असेल तर चढाचा त्रास कमी, पण वजन जास्त, त्यामुळे अडकल्यावर उचलून काढणं अवघड. ज्यांची पुढची चाकं याहून लहान आहेत त्यांनी जाळ्यांबद्दल लिहिलंय ते नीट वाचा.

मी एकटी नसते. आमच्या गल्लीतले नाना सोबत असतात. नाना पंचाहत्तरीला आलेत, काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, पांढरी काठी घेऊन चालतात. त्यांना रोज चालायला सांगितलंय आणि मला सोबत हवी होती. वाट एकच असली तरी दोघांना ती सारखी नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं, नाहीतर मी हा अनुभव फक्त चाकांच्या बाजूने लिहिला असता.

आनंदवल्लीतून निघाल्यावर पदपथ आहे, पण तुकड्यातुकड्यांत. इथला खरा त्रास खड्ड्यांचा नाही, आडव्या उताराचा आहे. प्रत्येक बंगल्याच्या, प्रत्येक सोसायटीच्या गेटसमोर गाडी आत घ्यायला उतार केलेला असतो आणि तो पदपथाच्या मधून रस्त्याकडे झुकतो. चालणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. खुर्ची मात्र सारखी रस्त्याकडे ओढली जाते. ती सरळ ठेवायची तर एका हाताने जोर लावायचा आणि दुसऱ्याने नुसतं धरायचं. पहिल्या महिन्यात माझ्या एकाच तळहाताला फोड आले, दुसरा कोरा. बोटं उघडी असलेले सायकलवाल्यांचे हातमोजे घेतले तेव्हा कुठे थांबलं. हातमोज्यांशिवाय ही वाट करू नका. उन्हाळ्यात तर धातूची कडी साडेनऊनंतर हात लावू देत नाही.

मग पदपथाची टोकं. कठडा, म्हणजे पदपथाची रस्त्यालगतची उभी कड, साधारण 15 सेंटिमीटर उंच. रॅम्पचा नियम 1:12 चा, म्हणजे 15 सेंटिमीटर चढायला 1.8 मीटर लांब उतार हवा. इथे एका ठिकाणी दोन फुटांत तो चढ संपवलाय. मोबाइल आडवा ठेवून मोजला तर 14 अंश भरला, नियमाने पाचाच्या आत हवा. तिथे मागे तोल जातो. माझी खुर्ची पहिल्यांदा उलटता उलटता वाचली ती तिथेच, नानांनी मागून काठी आणि पाठ दोन्ही लावली म्हणून. अशा रॅम्पपेक्षा सरळ कठडा बरा, निदान तो फसवत नाही. मी आता तो तुकडा सोडते आणि रस्त्याच्या कडेने जाते, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने.

त्यापुढे एका ठिकाणी पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून लोखंडी खांब ठोकलेत. दोन खांबांत अंतर 60 सेंटिमीटर. माझी रुंदी 64. दुचाकीवाले हँडल तिरकं करून आरामात निघतात, अडकते फक्त मी. खुर्चीसाठी निदान एक फट 1.2 मीटरची ठेवायची असते. मधला एकच खांब काढला तरी काम होईल. जानेवारीत लेखी तक्रार दिली, मोजमाप आणि फोटोसह. दोन आठवड्यांत मोबाइलवर संदेश आला, ‘तक्रारीचे निवारण झाले आहे’. खांब आजही तिथेच आहे. मी परत तक्रार दिली आहे आणि देत राहणार आहे, कारण काम खरोखरच एका माणसाचं, एका तासाचं आहे.

जाळीचं सांगते. पावसाचं पाणी जायला पदपथाच्या कडेला गटारावर लोखंडी जाळ्या असतात. डिसेंबरातली सकाळ, कडाक्याची थंडी, मागून सूर्य नुकता वर येत होता आणि पाठीवर ऊन. एका जाळीच्या सळया आम्ही चाललो होतो त्याच दिशेने लांब होत्या आणि दोन सळयांत माझ्या अंगठ्याएवढी फट. पुढचं डावं चाक त्या फटीत सरळ उतरलं. खुर्ची जागच्या जागी थांबली आणि मी पुढे गेले. पट्टा होता म्हणून पडले नाही, पण छाती गुडघ्यांवर आपटली. नाना मागे होते, त्यांना फक्त आवाज आला. ‘काय झालं गं? कुठे आहेस?’ असं विचारत त्यांनी काठी पुढे केली, तर काठीचं टोकही त्याच जाळीत अडकलं. दूध घालून परत येणाऱ्या एका मुलाने कॅन खाली ठेवले, खुर्ची मागे रेटून चाक मोकळं केलं आणि मग माझ्या पायांकडे बघून विचारलं, ‘ताई, रक्त येतंय, कळलं का?’ मला कळलं नव्हतं. पायाला जाणीव नसली की हेच भय असतं.

फट 12 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि सळया चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, एवढं पाळलं तर हे होत नाही. त्या जाळीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. माझ्या भावाने वॉर्डात ओळखीच्या लोकांना धरलं, कामाचा माणूस आला, आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याने आडव्या पट्ट्या मारून दिल्या. अर्ध्या तासाचं काम. त्या जागेवरून जाताना आजही मी खुर्ची थांबवून पट्ट्यांवरून एकदा हात फिरवते.

नानांची अडचण वेगळी. मला जिथे पदपथ रस्त्याला सपाट मिळाला की हायसं वाटतं, तिथे नाना थांबतात. ‘तू थांब तिथे, मला कड सापडत नाहीये.’ कठडा म्हणजे त्यांच्या काठीला मिळणारी खूण, की इथे पदपथ संपला, पुढे गाड्या. ती पुसली की ते नकळत रस्त्यात उतरतात. म्हणून उताराच्या तोंडाशी ठिपक्यांची पिवळी फरशी लागते. ठिपके म्हणजे थांब, लांब रेघा म्हणजे या दिशेने चाल. आमच्या वाटेवर अशा फरश्या एका तुकड्यात आहेत, आणि बसवणाऱ्याने रेघांची ओळ सरळ विजेच्या डीपीवर नेऊन सोडली आहे. नानांनी पहिल्या दिवशी त्यावर विश्वास ठेवला आणि कपाळाला टेंगूळ आलं. काठी कमरेखालचं सांगते, वरचं सांगत नाही. झाडाची वाकलेली फांदी, फलकाचा कोपरा, टपरीचं उघडं झाकण हे मी बघून सांगते. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरचंही मलाच सांगावं लागतं, कारण नाना रस्ता कानांनी ओलांडतात. उलट पावसात साचलेल्या पाण्यात ते आधी काठी घालतात आणि सांगतात, ‘चार बोटं आहे, ये,’ किंवा ‘इथे नको.’ एका वाटेवर दोघांची सोय होऊ शकते, पण आखताना दोघांनाही विचारलं असेल तरच.

सोमेश्वर हा आमचा मुक्काम. नदीकडे, धबधब्याकडे पायऱ्या आहेत, त्यामुळे माझं सोमेश्वर म्हणजे वरूनच हात जोडणं आणि पाण्याचा आवाज. धरणातून पाणी सोडलं की तो आवाज रस्त्यापर्यंत येतो, आणि त्या दिवशी नाना उठायचं नाव घेत नाहीत. पेरूची गाडी असते, चहा मिळतो. स्वच्छतागृहाचं मात्र आधीच ठरवून निघा. वाटेत दिव्यांगांचं चिन्ह लावलेलं एक आहे, दार रुंद, आत आधाराची दांडी, सगळं मापात, आणि बाहेर कुलूप. किल्ली ज्याच्याकडे असते तो दहानंतर येतो. मी घरून निघण्याआधी दोन तास पाणी कमी पिते. हे आरोग्याला बरं नाही, मला माहीत आहे, दुसरा मार्ग नाही.

सोमेश्वरनंतर पदपथाची आशा सोडायची. साइडपट्टी आहे, काही ठिकाणी डांबर, काही ठिकाणी मुरूम. कोरड्या दिवसांत मुरूम दाबलेला असतो आणि खुर्ची चांगली चालते. खरं सांगायचं तर थंडीतला हा तुकडा मला सगळ्यात आवडतो. झाडी, थोडी शेतं, ओल्या मातीचा वास, आणि हाताला दोन्ही बाजूंनी सारखा जोर. पण डांबराची कड मुरमापेक्षा तीन-चार बोटं वर राहिली आहे. मोठं वाहन आलं म्हणून खाली उतरलं की परत वर चढताना पुढची चाकं उचलावी लागतात. खुर्ची मागच्या चाकांवर तोलायचं जमत नसेल तर हा तुकडा एकट्याने करू नका. पावसाळ्यात तर अजिबातच नको. मुरमाचा चिखल चाकात बसतो, तोच कड्यांवर येतो, हात सटकतात आणि उतारावर खुर्ची थांबत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी सोमेश्वरपर्यंतच स्वतः जाते, पुढे भाऊ येतो.

नानांना इतिहासाची आवड. ते म्हणतात, आपल्या वाटेची दोन टोकं म्हणजे पेशव्यांच्या घरातल्या दोन सख्ख्या जावा. आनंदवल्लीला राघोबादादांच्या आनंदीबाईंचं नाव, आणि गंगापूरला नानासाहेबांच्या गोपिकाबाई येऊन राहिलेल्या. हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलंय, बरोबर त्याच वळणावर. वळण आलं हे त्यांना कसं कळतं ते विचारलं, तर म्हणाले, वारा बदलतो.

कायद्याचंही त्यांच्याकडूनच कळलं, ते मोबाइलवर बातम्या ऐकतात. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. पण त्याखालच्या एका नियमात सुगम्यतेचे, म्हणजे जागा दिव्यांगांना वापरता येण्याचे, निकष नुसते शिफारशीसारखे लिहिलेले होते. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक निकष करायला सांगितले. मी तक्रारीत आता हा निकाल लिहिते. सिंहस्थ 2027 चा आहे, शहरात जागोजागी कामं निघाली आहेत, नवे पदपथ होतील. त्यावर लाखो माणसं चालतील, त्यांत म्हातारी, काठीवाली, खुर्चीवाली असतीलच. दोन फुटांचा रॅम्प करायला जेवढं सिमेंट लागतं त्याच्या तिप्पट लागेल, एवढाच फरक आहे, आणि तो आत्ता करता येईल. एकदा झाल्यावर फोडून पुन्हा कोणी करत नाही.

कोणाला जायचं असेल तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जा, सकाळी साडेसहाला निघा, रविवार टाळा कारण मिसळ खायला येणाऱ्यांच्या गाड्या पदपथावर लागतात. सोबत पंप, पंक्चरचं सामान, पट्टा, हातमोजे, पायात बूट, उघडी चप्पल नको. चाकांत हवा पूर्ण भरा, कमी हवेवर चढाला जास्त जोर लागतो. आनंदवल्ली ते सोमेश्वर मी दहापैकी पाच देईन, सोमेश्वर ते गंगापूर कोरड्यात सहा, पावसात शून्य. पांढऱ्या काठीसाठी नाना पूर्ण वाटेला तीन देतात, आणि त्यातला एक माझ्यासाठी आहे असं म्हणतात.

आईच्या घराला नऊ इंचांचा उंबरठा आहे. पहिल्यांदा पोचले तेव्हा ती दारात येऊन रस्त्याकडे बघत राहिली आणि विचारलं, ‘कोणाबरोबर आलीस?’ मी नानांकडे बोट दाखवलं. तिला पटेना. मग तिने माझे हात उलटे करून पाहिले, काळे झालेले, आणि आत जाऊन खोबरेल आणलं. भावाने आता सागाची एक लांब फळी करून ठेवली आहे, खालून पट्ट्या मारलेली, दाराआड उभी असते. मी कोपऱ्यावरच्या पिंपळाशी आले की आई ती टाकून ठेवते. फळी पावणेतीन मीटरची आहे, एवढ्या उंबरठ्याला तितकी लागणारच होती. मोजून मीच दिलं होतं.