१९८६ची रेकॉर्ड, २०१८चं नाव

इंग्लंडातल्या जुन्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या बँडच्या ‘टेस्ट प्रेसिंग’ रेकॉर्ड (म्हणजे दुकानात जाणाऱ्या प्रतींच्या आधी, तपासणीसाठी छापलेल्या) विकणारा एक भामटा सध्या फिरतोय. मला त्याने ‘फेल्ट’ या बँडची विकली, २८० पौंडांना. त्याच्याकडून गंडलेले आणखी दोघं मला नंतर सापडले. त्यातला एक पुण्यात बसलेला. माणूस दर वेळी नाव बदलतो, पण पद्धत बदलत नाही. म्हणून पद्धतच सविस्तर लिहितो.

आधी फेल्टबद्दल, कारण ही लबाडी त्या बँडच्या इतिहासातच दडलेली आहे. मी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला राहतो. इथून पूर्वेला वॉटर ऑर्टन नावाचं गाव आहे, तिथला लॉरेन्स नावाचा मुलगा, फेल्ट हा त्याचाच बँड. आडनाव तो लावतच नाही. १९७९ साली त्याने घरी, स्वतःच्या खोलीत, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘इंडेक्स’ हे पहिलं सिंगल रेकॉर्ड केलं आणि स्वतःच काढलं. मग मॉरिस डीबँक हा गिटारवाला आला. शास्त्रीय गिटारची तालीम असलेला माणूस, त्यामुळे रॉकवाल्यांसारखे तारांवर घणाघात नाहीत. एकेक सूर सुटा, स्वच्छ, पाण्यावर तरंग उठावेत तसा. ड्रमर गॅरी एंज याला लॉरेन्सने झांजा वाजवायची बंदी केली होती. १९८२चा पहिला अल्बम ऐकलात तर कळेल, नुसत्या ढोलांचा तो घुमारा कुठून येतो. १९८५मध्ये ‘प्रिमिटिव्ह पेंटर्स’ आलं, कॉक्टो ट्विन्स या बँडच्या रॉबिन गथ्रीने निर्मिती केलेलं, त्याच बँडच्या एलिझाबेथ फ्रेझरच्या आवाजासह. ब्रिटनच्या इंडी यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. पण ती यादी स्वतंत्र वितरणातून विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डची वेगळी असायची. तिथला पहिला नंबर म्हणजे मोठी कमाई नव्हे. दहा अल्बम, दहा सिंगल आणि १९८९ला दुकान बंद. लॉरेन्स म्हणतो, आधीपासून हेच ठरलेलं होतं. मला त्याचं हे म्हणणं खरं वाटतं आणि वाटत नाही, दोन्ही.

तर १९८६. डीबँक बँड सोडून गेलेला. ‘क्रिएशन’ या रेकॉर्ड कंपनीकडून अल्बम आला, ‘लेट द स्नेक्स क्रिंकल देअर हेड्स टू डेथ’. गाणं एकही नाही, सगळं नुसतं वाद्यसंगीत, जेमतेम वीस मिनिटांचं. त्यातल्या एका तुकड्याचं नाव ‘इंडियन स्क्रिप्चर्स’ आहे. आपल्याशी काही देणंघेणं नाही, उगाच हुरळून जाऊ नका. आणखी एका तुकड्याचं नाव ‘द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’. २०१८ साली ‘चेरी रेड’ या कंपनीने फेल्टचे अल्बम नव्याने बाजारात आणले, तेव्हा लॉरेन्सने या अल्बमचं ते लांबलचक नाव काढून टाकलं आणि या तुकड्याचं नाव अख्ख्या अल्बमला दिलं. आता स्ट्रीमिंगवर अल्बम त्याच नव्या नावाने दिसतो. माझ्यासारखा जो आत्ता आत्ता फेल्ट ऐकायला लागला, त्याच्या डोळ्यांत हेच नाव बसतं.

विकणाऱ्याचं सगळं गणित यावर उभं आहे. जाणकार जुना माणूस त्याला नकोच असतो. नुकता प्रेमात पडलेला, वेड्यासारखा शोधणारा, पण बँडच्या रेकॉर्ड हाताळायची सवय नसलेला माणूस त्याला हवा असतो.

सुरुवातीला त्याने मला फेल्टच्याच ‘पोएम ऑफ द रिव्हर’ या अल्बमची साधी प्रत विकली, १५ पौंडांना. अस्सल होती, नीट गुंडाळून आली, वेळेवर आली. मग गप्पा सुरू. झांजांची बंदी त्याला माहीत, डीबँक का गेला यावर त्याची मतं, फेल्टचा कीबोर्डवाला मार्टिन डफी पुढे प्रायमल स्क्रीम या बँडमध्ये कसा गेला ते माहीत. आठवड्या-दोन आठवड्यांनी हळूच पिल्लू सोडलं: एका निवृत्त वितरकाच्या घरातून खोकं आलंय, त्यात १९८६चं टेस्ट प्रेसिंग आहे, पांढऱ्या कोऱ्या लेबलचं, सोबत टाइप केलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर अल्बमचं नाव ‘द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’. आणि हे नाव चुकीचं दिसतंय, हे मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं! म्हणे, कारखान्यात गेला तेव्हा अल्बमचं नाव हेच होतं, लॉरेन्सने शेवटच्या क्षणी बदललं आणि २०१८ला मूळ नाव परत आणलं. म्हणूनच तर ही प्रत दुर्मीळ. लोणकढी थाप, पण किती बेतून मारलेली बघा. जी गोष्ट खोटेपणाचा पुरावा ठरायची, तीच त्याने किंमत वाढवायला वापरली.

पैसे त्याने बँक ट्रान्स्फरने मागितले. पेमेंट अ‍ॅप वापरायचंच तर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणून पाठवा, कमिशन वाचेल, असंही सुचवलं. कमिशन वाचतं हे खरं, पण त्या प्रकारात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसतं. पुण्याच्या माणसाचे पैसे याच वाटेने गेले.

रेकॉर्ड आली. लावली तर आवाज दबका, मागे सतत खरखर. ती घेऊन मी एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेलो. दुकानदार साठीचा. त्याने आधी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली आणि शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतचा गुळगुळीत पट्टा बघितला, ज्याला हे लोक रन-आउट म्हणतात. कारखान्यात छापलेल्या रेकॉर्डवर तिथे कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक असतो. टेस्ट प्रेसिंग काढतात ते साचा बरोबर आहे का हे तपासायला. पुढे त्याच साच्यातून दुकानात जाणाऱ्या प्रती निघतात. म्हणजे टेस्ट प्रेसिंगच्या रन-आउटवर जे कोरलंय ते साध्या प्रतीशी जुळायलाच हवं. माझ्या रेकॉर्डचा पट्टा कोरा होता. ती साच्यातून निघालेलीच नव्हती. लेथ नावाच्या यंत्रावर थेट खाच कापून केलेली एकुलती प्रत, बहुधा २०१८च्याच सीडीवरून.

मग त्याने चिठ्ठी घेतली, उलटी केली आणि मागून बोट फिरवलं. टाइपरायटरची अक्षरं कागदात रुततात, मागून खडबडीत लागतात. हा कागद सपाट होता, म्हणजे टाइपरायटरसारख्या अक्षरांत प्रिंटरवर छापलेला. पुढे त्याला हसू आवरेना. चिठ्ठीवर लंडनचा फोन नंबर होता, ०१७१ने सुरू होणारा. १९८६ला लंडनचा कोड नुसता ०१ होता. मे १९९०मध्ये त्याचे ०७१ आणि ०८१ झाले, आणि ०१७१ आला एप्रिल १९९५मध्ये. इतकी वर्षं इथे काढूनही हे मला कुठून माहीत असणार? बनवणाऱ्यालाही नव्हतं, एवढंच समाधान.

आता पैशांचं. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४पासून नियम आहे की फसवून करून घेतलेलं बँक ट्रान्स्फर बँकेने भरून द्यायचं, कमाल ८५,००० पौंडांपर्यंत. त्यातून बँक १०० पौंडांपर्यंत कापू शकते. दावा १३ महिन्यांच्या आत करावा लागतो. माझ्या बँकेने आधी हात झटकले: वस्तू तुम्हाला मिळाली आहे, ती पसंत पडली नाही तर तो तुमचा आणि विकणाऱ्याचा खासगी वाद. असे वाद या नियमात बसत नाहीत, हे खरंच आहे. म्हणून फसवणूक आणि नापसंती यातला फरक कागदावर दाखवावा लागतो. मी दुकानदाराकडून लेखी घेतलं, चिठ्ठीचे फोटो जोडले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला आलेल्या चिठ्ठीवरही तोच फोन नंबर होता, बँड मात्र वेगळा, तो फोटो जोडला. त्यानंतर बँकेने १०० कापून १८० दिले. पुण्याच्या माणसाला यातलं काहीच लागू नाही, कारण हा नियम ब्रिटनमधल्या खात्यांपुरताच आहे. भारतातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत झाला तरच त्याचा काही उपयोग.

कुणी टेस्ट प्रेसिंग विकायला आला तर रन-आउटचा जवळून, तिरप्या उजेडातला फोटो मागा आणि साध्या प्रतीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. माझ्या विकणाऱ्याकडे दुसऱ्या गिऱ्हाइकाने तो मागितला होता, तर ‘कॅमेरा बिघडलाय’ असं उत्तर आलं. बाकी सगळे फोटो मात्र झकास होते, निळ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर काढलेले. तो टेबलक्लॉथ लक्षात ठेवा. मागच्या आठवड्यात तो पुन्हा दिसला, नव्या नावाच्या विकणाऱ्याकडे, आणि वर १९८२च्या पहिल्या अल्बमचं ‘टेस्ट प्रेसिंग’ ठेवलेलं. किंमत ३५० पौंड, फक्त बँक ट्रान्स्फर.