ध्रुवप्रकाशातल्या लहरी: स्टेअर की आयस्कॅट?

दोन्ही रडार उत्तर स्कँडिनेव्हियाच्या आकाशाकडे बघणारी, पण बघण्याची तऱ्हा अगदी वेगळी.

स्टेअर सत्तरच्या दशकातलं. नॉर्वे आणि फिनलंडमधून 140 मेगाहर्ट्झवर रेडिओलहरी सोडायच्या आणि 100 ते 120 किमी उंचीवरच्या प्लाझ्मातून (सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेल्या वायूतून) येणारा प्रतिध्वनी पकडायचा. तिथे इलेक्ट्रॉन आयनांच्या तुलनेत आयन-ध्वनी वेगापेक्षा (प्लाझ्मातला ध्वनीचा वेग, साधारण 400 मी/से) जोरात धावू लागले की फार्ले-बुनेमन अस्थिरता उसळते, म्हणजे प्लाझ्मात आपोआप लहरी उठतात. रडारला दिसतात त्या रेडिओलहरीच्या अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे जेमतेम मीटरभराच्या लहरी. अट एकच: किरण पृथ्वीच्या चुंबकीय रेषेला जवळपास काटकोनात हवा. तिथे रेषा जवळजवळ उभ्या, म्हणून रडार शेकडो किलोमीटर दक्षिणेला. फायदा मोठा: विस्तीर्ण प्रदेशाचा नकाशा एकदम मिळायचा. पण लहरी नसतील तर पडदा कोरा!

1981 मध्ये सुरू झालेल्या आयस्कॅटला ही अडचण नाही. ट्रोम्सोजवळची 32 मीटरची तबकडी इलेक्ट्रॉनांच्या नुसत्या उष्णताजन्य थरथरीतूनही संकेत काढते. या संकेताच्या वर्णपटाला (कोणत्या वारंवारतेला किती ताकद, याच्या आलेखाला) दोन उंचवटे. त्यांच्या आकारावरून घनता, तापमान, वेग सगळं उलगडतं. मात्र एका वेळी एकच अरुंद शलाका, आणि विजेचा खर्च दणदणीत.

गंमत दोन्ही जोडल्यावर आली. आयस्कॅट इलेक्ट्रॉनांचा 1000 मी/से.च्या वर वेग दाखवत असताना स्टेअरचा आकडा आयन-ध्वनी वेगापाशीच अडकलेला! म्हणजे स्टेअर लहरींचा वेग मोजत होतं, इलेक्ट्रॉनांचा नव्हे. माझं मत विचाराल तर आकड्यांसाठी आयस्कॅट, लहरींच्या स्वभावासाठी स्टेअर.