मराठी ब्लॉगसाठी पिंटरेस्ट की इन्स्टाग्राम?

लेख लिहून तयार आहे, तो वाचकांपर्यंत न्यायचा आहे आणि त्यासाठी आठवड्याला जेमतेम दोन-तीन तास मिळतात, तेही बहुतेक डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात. अशा माणसाने एकाच वेळी दोन्ही खाती चालवायला घेऊ नयेत. एक निवडावं. दोन्ही अ‍ॅप २०१० सालची, दोन्ही चित्रांवर चालणारी, दोन्हीकडे व्यावसायिक खातं फुकट. पण लेखाच्या दृष्टीने दोघांची चाल अगदी वेगळी आहे.

पिंटरेस्टवर माणूस काहीतरी शोधत येतो: कंदिलाचा साचा, वन रूम किचनमधली मांडणी, मोदकाच्या पारीची कृती. लिहिणारा कोण, याची त्याला फिकीर नसते. इन्स्टाग्रामवर तो माणसं आणि घडामोडी बघायला येतो; पोस्ट बहुधा दोन-चार दिवसांत मागे पडते, पण तेवढ्यात तुमचं नाव मात्र लक्षात राहतं. म्हणून आधी आपल्या लेखांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: पुढच्या वर्षी याच महिन्यात हे कोणी शोधेल का? पाककृती, शिवणकाम, रांगोळी, घरसजावट, कुंडीतली बाग असं असेल तर उत्तर बहुधा ‘हो’. तिथे पिंटरेस्ट. शिवाजी मंदिरला लागलेलं नवं नाटक, गिरगावची पाडव्याची शोभायात्रा, काळा घोडा, दादरला नुकतंच उघडलेलं हॉटेल, हे इन्स्टाग्रामचं काम. ललित लेख आणि राजकीय टिपणांना पिंटरेस्टवर फारसं कोणी विचारत नाही. तिथे वेळ घालवू नका.

लिंक कुठे आणि कशी

इथे पिंटरेस्ट सरळसरळ पुढे आहे. प्रत्येक पिनला, म्हणजे पिंटरेस्टवर टाकलेल्या चित्राला, स्वतःची लिंक असते. चित्र उघडलं की पुढचा टॅप थेट लेखावर. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक चालतच नाही, ती नुसती अक्षरं राहतात. पर्याय दोन. एक म्हणजे बायो (प्रोफाइलवरची ओळख): २०२३ पासून तिथे पाच लिंक देता येतात, पण एकीपेक्षा जास्त दिल्या की बाकीच्या आणखी एका टॅपआड जातात. दुसरा म्हणजे स्टोरीतलं लिंक स्टिकर. पूर्वी स्टोरीतून लिंक द्यायला दहा हजार फॉलोअर लागायचे, २०२१ च्या ऑक्टोबरपासून स्टिकर सगळ्यांना खुलं झालं. स्टोरी चोवीस तासांत जाते. हायलाइटमध्ये (प्रोफाइलवर जपून ठेवलेल्या स्टोरींच्या संचात) ठेवली तर लिंक चालू राहते. प्रत्येक विषयाला एक हायलाइट केला तर जुने लेखही सापडत राहतात, आणि हे काम बरेच जण करत नाहीत.

पिंटरेस्टची तयारी एकदाच, पण नीट करावी लागते. व्यावसायिक खातं उघडून सेटिंग्जमध्ये आपली वेबसाइट ‘क्लेम’ करायची. त्यासाठी एक मेटा टॅग, म्हणजे साइट तुमचीच आहे हे दाखवणारी कोडची ओळ, मिळतो. गूगलची ‘ब्लॉगर’ सेवा वापरत असाल तर तो थीमच्या एचटीएमएलमध्ये ‘हेड’ या टॅगच्या लगेच खाली चिकटवायचा. टॅगच्या शेवटची तिरकी रेघ चुकून गळली तर थीम सेव्ह होत नाही. अडकणाऱ्यांनी आधी ती रेघ बघावी.

लिंक कायम लेखाची द्या, मुखपृष्ठाची नको. लिंक लहान करणाऱ्या सेवा वापरू नका. अशा लिंकवर पिंटरेस्टला स्पॅमचा संशय येतो. एकाच दिवशी एकाच लेखाचे दहा पिन टाकल्यासही तेच. एका लेखाची तीन वेगवेगळी चित्रं करा आणि ती काही आठवड्यांच्या अंतराने सोडा.

लेखाचा पत्ता मात्र आधी तपासा. देवनागरी शीर्षकावरून पत्ता तयार झाला असेल तर कॉपी करताना प्रत्येक अक्षर, काना, मात्रा यांची टक्क्याची चिन्हं असलेली नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘उकडीचे मोदक’ एवढ्यालाच नव्वदावर चिन्हांची माळ. ती चालते, पण कुठेतरी अर्धवट तुटली की वाचक ‘पान सापडत नाही’वर जातो. पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा ठेवा. जुना पत्ता बदललात तर नव्याकडे वळवणं (रीडायरेक्ट) लावा. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये त्याची सोय आहे. नाहीतर वर्षभरापूर्वीचे पिन, जे खरं तर आता कामाला येणार होते, तेच मेलेले निघतील.

एकच चित्र दोन्हीकडे चालत नाही

पिनचं प्रमाण २:३, म्हणजे १००० × १५०० पिक्सेल. फोनवर पिन दोन उभ्या रांगांत दिसतात, त्यामुळे हजार पिक्सेलचं चित्र फोनच्या पडद्याच्या मापात साधारण १८० एककांत मावतं. १०० पिक्सेलचं अक्षर १८ एककांचं होतं, वाचता येतं. ५० पिक्सेलचं नऊचं होतं आणि संपतं. म्हणून पिनवर पाच-सहा शब्द, मोठे आणि ठळक. इन्स्टाग्रामची पोस्ट पूर्ण रुंदीची असते. १०८० × १३५० च्या चित्रावर ४५ पिक्सेलचं अक्षरही पुरतं. मात्र जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलची जाळी ३:४ झाली आहे, त्यामुळे ४:५ चं चित्र तिथे दोन्ही बाजूंनी जवळजवळ ३४ पिक्सेल कापलं जातं. शीर्षक कडेला चिकटवू नका.

मराठी अक्षरांचा घोळ दोन्हीकडे सारखाच. तयार टेम्पलेट रोमन लिपीसाठी आखलेली असतात. ओळींतलं अंतर १.१ ठेवलं तर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीवर येऊन बसतो, १.४ ते १.५ ठेवा. अक्षरांमधलं अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेघ तुटून शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि लहान पडद्यावर ठसठशीत दिसतात. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर वर्णनात चिकटवला तर तिथे निव्वळ कचरा उमटतो, आणि शोधात तो कधीच येत नाही.

मराठी असण्याचा पेच

पिंटरेस्टवर चित्र भाषेची हद्द ओलांडतं, लेख ओलांडत नाही. सुबक मोदकाचा नुसता फोटो टाकला तर तो गुजराती, तमिळ, अमेरिकन, सगळे सेव्ह करतील. लिंकवर येतील आणि मराठी दिसताच मागे फिरतील. आकडे फुगतात, वाचक वाढत नाही. उपाय म्हणजे चित्रावरच देवनागरी शीर्षक. टॅप कमी होतील, पण येणारा वाचेल. वर्णनात दोन मराठी वाक्यं आणि त्याच पदार्थाचं नाव रोमन अक्षरांत, लोक टाइप करतात तसं. बरेच मराठी लोक फोनवर शोधताना लिपी बदलत नाहीत. पिनच्या शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, पण पहिली चाळीसच नजरेत येतील असं धरून चाला.

इन्स्टाग्रामवर हा पेच कमी आहे. मराठी माणसं तिथे भरपूर आहेत, गिरगाव किंवा पार्ले असं ठिकाण पोस्टला जोडता येतं, आणि कॅप्शन मराठीत असलं की प्रतिसादही मराठीतच येतो. तिथली अडचण वेगळी: कॅरोसेलमध्ये (एकाच पोस्टमधल्या अनेक चित्रांत) सगळी कृती दिली तर लेख कोणी उघडत नाही, अर्धी दिली तर लोक वैतागतात. कृती पूर्णच द्या. ब्लॉगवर ते ठेवा जे चित्रात मावत नाही: ११, २१ आणि ५१ मोदकांची मापं, पिठी जुनी असेल तर पाणी किती वाढवायचं, पारी का चिरते. मग शेवटच्या चित्रावर ‘५१ मोदकांचं प्रमाण बायोतल्या लिंकवर’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

कधी टाकायचं

पिंटरेस्टवर सणाचा मजकूर दीड-दोन महिने आधी जायला हवा, कारण पिन शोधात वर यायला वेळ घेतो. आपल्याला त्यासाठी पंचांग पुरतं. आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी साधारण ५२ दिवस (मध्ये अधिक महिना आला तर महिनाभर जास्त), तेव्हा मोदकांचे पिन आषाढीला. गणपती बसले की कंदील आणि फराळ. माहीमच्या कंदील गल्लीत दुकानं सजेपर्यंत थांबलात तर त्या वर्षापुरता उशीर झाला. इन्स्टाग्रामवर उलट: सणाच्या आठ-दहा दिवस आधी सुरू करा आणि आदल्या दिवशी स्टोरीत लिंक द्या. व्यावसायिक खात्यातून पोस्ट ७५ दिवस आधीपर्यंत वेळ लावून ठेवता येतात, त्यामुळे लोकलमध्ये रेंज गेली तरी अडत नाही.

कोणता आकडा बघायचा

पिंटरेस्टच्या अहवालात ‘इम्प्रेशन’ (चित्र किती वेळा दिसलं) सगळ्यात मोठा आकडा असतो आणि सगळ्यात निरुपयोगी. ‘पिन क्लिक’ म्हणजे फक्त चित्र उघडलं. लेखावर किती आले ते ‘आउटबाउंड क्लिक’ सांगतं. तीन महिने झाल्याशिवाय निकाल लावू नका. इन्स्टाग्रामवर स्टिकरवरचे आणि बायोतल्या लिंकवरचे टॅप बघा. बायोच्या लिंकला यूटीएमची शेपटी (वाचक कुठून आला ते सांगणारी, पत्त्याच्या शेवटची खूण) जोडा, नाहीतर गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये त्यातल्या काही भेटी ‘डायरेक्ट’च्या खात्यात जमा होतात.

पाककृती-कलाकुसरीचे तीस-चाळीस जुने लेख पडून असतील तर पिंटरेस्ट घ्या आणि पहिले दोन महिने नवं काही न लिहिता त्यांचेच पिन करा. ब्लॉग नवा असेल, लेख पाच-सहाच असतील, किंवा लोक तुम्हाला ‘मुंबईत या शनिवारी कुठे जायचं’ हे विचारत असतील, तर इन्स्टाग्राम. दोन्ही हवंच असेल तर कॅरोसेल आधी बनवा आणि त्याचं पहिलं चित्र २:३ मध्ये नव्याने, मोठ्या अक्षरांत मांडून पिन करा. उलट क्रमाने केलं तर पिनवरच्या पाच शब्दांतून आठ चित्रांचा मजकूर निघत नाही.